दोन्हीकडून नात्यातली

मस्कतच्या अल हैल भागातल्या मराठी घरांत कुणाचा फॉर्म अडला की तो कल्पना राऊळकडे येई. मुलाचा शाळाप्रवेश असो, सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा असो, नाहीतर इथल्या ओळखपत्राचं, म्हणजे बताक्याचं, नूतनीकरण असो. लोक कागदांची पिशवी घेऊन तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसत आणि ती चष्मा पुसून प्रश्न विचारायला लागे. वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलंय ना? जन्मगावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचं का? तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. आणि कुठला रकाना भरायचा, कुठल्या रकान्यात नुसती रेघ मारायची, हे तिला बरोबर कळायचं. विचारलंय तेवढंच सांगायचं, जास्तीचं बोललं की जास्तीचे प्रश्न येतात, असं ती सगळ्यांना बजावायची.

स्वतःबद्दलही ती तेवढंच सांगायची. सकाळी ती अल मवालेहला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसे. नवरा चंद्रहास गाला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये सुपरवायझर होता. गाड्यांचे पोचे काढणं आणि रंगकाम हा त्याचा विभाग. मुलगा स्वरूप बारावीत, मुलगी इरा सहावीत. माहेर कुडाळजवळ, वडील प्राथमिक शिक्षक होते, ते गेले. भाऊ पुण्यात इंजिनिअर.

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

तिचा भाऊ उत्तम कधी पुण्यात राहिलाच नव्हता. लहानपणी पोलिओ होऊन त्याचा डावा पाय बारीक राहिला. दहावीनंतर तो कुडाळला तहसील कचेरीबाहेर एक लाकडी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागला. सातबाऱ्याचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, निराधार योजनेचा अर्ज. पुढे तिथेच त्याने झेरॉक्सचं दुकान काढलं. कल्पना कॉलेजातून येताना त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि तो सांगेल तसं लिहायची. ते छापल्यासारखं अक्षर तिने त्याच्या अक्षरावरूनच गिरवलेलं होतं.

उत्तमला मुलगी मिळेना. सोयरीक घेऊन आलेले लोक चहा पीत आणि त्याला दुकानापर्यंत चालत जाताना बघून उठत. कल्पनाला मात्र मागणी होती. ती बी.एस्सी. झालेली, रंगाने उजळ. राऊळांच्या घरून विचारणा आली, मुलगा मस्कतला होता, तेव्हा तिच्या वडिलांनी एक अट घातली. आमची मुलगी तुमच्या घरात येईल, तुमची आमच्या घरात द्या. चंद्रहासला एक धाकटी बहीण होती, वृंदा. कल्पनाहून वर्षाने मोठी. तिला कुणी फारसं विचारलं नाही. एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर दोन लग्नं लागली. याला तिकडे साटंलोटं म्हणतात. दोन घरं आपल्या मुलींची अदलाबदल करतात आणि दोन्ही नवऱ्या हार बदलून एकमेकींच्या माहेरी नांदायला जातात.

म्हणजे वृंदा ही कल्पनाची नणंदही झाली आणि भावजयही. कोणी कुणाला काय म्हणायचं याचा पहिल्या दिवाळीत बराच घोळ झाला. शेवटी कल्पनाने तिला वैनी म्हणायचं आणि तिने कल्पनाला नुसतं कल्पना, असं ठरलं.

गावात या गोष्टीचं कुणाला काही वाटत नव्हतं. मस्कतला आल्यावर कल्पनाला वाटू लागलं. इथल्या मैत्रिणी ठाण्याच्या, कोथरूडच्या, डोंबिवलीच्या. त्यांच्या लग्नांच्या गोष्टीही तशाच असत. कॉलेजात ओळख, ऑफिसात ओळख, अगदीच काही नाही तर पत्रिका जुळल्यावर तीन महिने फोनवर गप्पा. शेजारची आकांक्षा एकदा टीव्हीवरची मालिका बघताना म्हणाली होती, अजून असतं का गं असलं साटंलोटं, गाईगुरांसारखं? कल्पना उठून चहा टाकायला गेली होती. त्या दिवसापासून तिचा भाऊ इंजिनिअर होऊन पुण्यात राहू लागला. भाऊ तिथला झाल्यावर त्याच्या बायकोविषयी कुणी विचारत नाही, हे तिने नीट हेरलं होतं. चंद्रहासला हे माहीत होतं. त्याने ना हो म्हटलं, ना नाही. तो रंगकामातला माणूस होता. वरचा थर गुळगुळीत असला की खालचं खरवडायला जाऊ नये असं त्याचं एकूण मत.

आठ वर्षांपूर्वी वृंदा तिच्या मुलीला, तेजश्रीला, घेऊन महिनाभर मस्कतला आली. भावाचं घर बघायचं म्हणून. तेजश्री तेव्हा चौदा वर्षांची. कल्पनाने दोघींना समुद्रावर नेलं, बाजारात नेलं, सगळं रीतसर केलं आणि एका शुक्रवारी मैत्रिणींना जेवायला बोलावलं. ओळख करून दिली, ही माझी नणंद. जेवता जेवता आकांक्षाने कल्पनाच्या भावाची चौकशी केली आणि कल्पना सवयीने बोलून गेली की तो पुण्यात असतो, कंपनीच्या कामात इतका बुडालेला की बहिणीला फोन करायलासुद्धा सवड नाही. बोलून तिने मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात वृंदा सोलकढीच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती.

वृंदाने सगळ्यांना पेले दिले. कल्पनालाही दिला. तेजश्रीची शाळा बुडते आहे असं चार दिवसांनी तिने भावाला सांगितलं आणि परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. जाताना ती कल्पनाशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर आठ वर्षांत दोघींचा फोन नाही. चंद्रहास बहिणीशी बोलायचा, पण गॅरेजमधून. उत्तम दर दिवाळीला कल्पनाला फोन करायचा आणि ती दोन मिनिटांत आवरता घ्यायची, कारण त्याच्या आवाजात राग आहे की नाही हे शोधायचीच तिला भीती वाटायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये इराच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. खेळताना लागलं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दातांच्याच दवाखान्यात नोकरी असल्यामुळे कल्पना तिला आधी तिथे घेऊन गेली, आणि तिथल्या डॉक्टरने दात न बघताच रक्त तपासायला पाठवलं. पंधरा दिवसांत निदान झालं. अप्लास्टिक ॲनिमिया. हाडांच्या आत रक्त तयार करणारा जो मगज असतो, तो काम करेनासा झाला होता.

मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की सख्ख्या भावाचा मगज जुळला तर तो देणं हा सगळ्यांत चांगला उपाय. स्वरूपचं रक्त घेतलं. आईवडिलांचंही घेतलं. त्याच दिवशी कल्पनाच्या हातात एक फॉर्म आला. इथे तो सगळ्यांनाच देतात. पतिपत्नी एकमेकांच्या नात्यातले आहेत का? तिने नाही लिहिलं, ते खरंच होतं. पुढचा प्रश्न होता, तुमच्या दोन कुटुंबांत आणखी कुठलं लग्न झालेलं आहे का? कल्पनाचं पेन क्षणभर थांबलं. शेजारी चंद्रहास बसला होता. तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. तिने तिथेही नाही लिहिलं. आजाराचा आणि या चौकशीचा काय संबंध, असं तिने स्वतःला पटवलं. विचारलंय तेवढंच सांगायचं, हा स्वतःचा नियमसुद्धा तिने त्या दिवशी मोडला.

स्वरूपचं जुळलं नाही. आईवडिलांचं अर्धं जुळतंच, तसं ते अर्धं जुळलं. औषधांचा मोठा कोर्स झाला आणि उन्हाळा गेला. इरा दर आठवड्याला रक्ताची आणि प्लेटलेटची पिशवी लावून घ्यायची. तोंडाला मास्क, शाळा बंद. हातावर शीर सापडेनाशी झाली तेव्हा तिनेच नर्सला सांगायला सुरुवात केली, इथे नको, इथे ऑलरेडी ट्राय केलंय. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले की औषधाने काम होत नाही. जगभरातल्या दात्यांच्या नोंदींत शोध चालू आहे. डिसेंबरपर्यंत पूर्ण जुळणारा कुणी मिळाला नाही तर वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मगजावर जाऊ. तसंही करतात आणि मुलं बरीही होतात, पण धोका जास्त.

नोव्हेंबरच्या एका सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख सफूराबाईंनी कल्पनाला बोलावून घेतलं. चंद्रहासला सुट्टी मिळाली नव्हती, ती एकटीच गेली. सफूरा ओमानी, चाळिशीच्या अलीकडची, मस्कतमधल्या बऱ्याच लोकांसारखी सराईत हिंदी बोलणारी. तिने आधी कल्पनाला खजूर आणि कॉफी दिली. त्यावरूनच कल्पनाला कळलं की बातमी चांगली नाही. नोंदींत पूर्ण जुळणारा एकही दाता नव्हता.

एवढ्या मोठ्या जगात एक माणूस नाही, असं कल्पनाने विचारलं. सफूराने कागद ओढला. प्रत्येकाच्या शरीरात आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणारी जनुकं असतात, ती म्हणाली, त्यांचे दोन धागे. एक आईकडून येतो, एक वडिलांकडून. धाग्यांचे प्रकार हजारोंनी. कुठल्या मुलखात कुठले धागे जास्त सापडतात, हे तिथे कोण आलं, कोण राहिलं आणि कुणी कुणाशी लग्न केलं यावर ठरतं. चीनच्या पश्चिम टोकाला उईघुर म्हणून लोक आहेत, त्यांच्यावर तिने शिकत असताना बरंच वाचलं होतं. जुन्या व्यापारी वाटांवरची त्यांची वस्ती. पूर्वेकडचे धागे आणि पश्चिमेकडचे धागे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले. एकाच माणसात एक धागा इकडचा, एक तिकडचा. अशा जोड्या इतक्या तऱ्हांच्या होतात की शेजारच्या गावातला माणूससुद्धा जुळेलच असं नाही. तुमच्या किनाऱ्यावरही जहाजं आलीच की, ती म्हणाली, इथूनही गेली. आणि तुमच्याकडच्या गावांतून दाते म्हणून नावं नोंदवलेले लोक फार थोडे.

कुठले उईघुर आणि कुठलं कुडाळ, असं कल्पनाच्या मनात आलं. तिला त्या लोकांशी काही घेणंदेणं नव्हतं. पण तिची नजर कागदावर होती. सफूराने इराच्या नावाखाली दोन रेघा काढल्या होत्या, एक निळी, एक लाल. निळी चंद्रहासकडून, म्हणजे राऊळांच्या घरातून. लाल कल्पनाकडून, म्हणजे परबांच्या घरातून.

"मग उईघुर लोक कुठे शोधतात?" तिने विचारलं.

"घरात," सफूरा म्हणाली. "सगळ्यांनी आधी घरातच शोधायचं. आमच्याकडे तर चुलत-मामे सगळ्यांना बोलावून घेतो. माझंच लग्न माझ्या चुलत भावाशी झालंय. तुमच्याकडे तसं काही नाही असं तुम्ही लिहिलंयत, म्हणून मी पुढे विचारलं नाही. राऊळांचा आणि परबांचा, दोन्ही धागे एका अंगात असलेलं दुसरं माणूस हवं. तसं कोण असणार?"

कल्पनाने हातातला पेला बाजूला ठेवला. तिने सफूराकडून पेन मागून घेतलं. निळ्या रेघेवर तिने चंद्रहासच्या शेजारी वृंदा लिहिलं, लाल रेघेवर स्वतःच्या शेजारी उत्तम लिहिलं. दोन नावं जोडली आणि खाली तेजश्री लिहिलं. अक्षर छापल्यासारखंच आलं.

सफूराने कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि बराच वेळ बघितला. रागावली असती तर कल्पनाला बरं वाटलं असतं. ती इतकंच म्हणाली की सोळात एक शक्यता आहे, फार नाही, पण नोंदींत जे मिळालं त्याहून पुष्कळ आहे, आणि गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवून पाठवली तरी चालते. मग तिने विचारलं, हे आधी का नाही लिहिलंत? कल्पनाने काडीचं किट कुठून मागवायचं तेवढं विचारून घेतलं.

फोन करायचा होता तो वृंदाला. घरी जाऊन करावा म्हटलं तर घरी इरा होती. कल्पना हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली, एसी लावला, आणि चंद्रहासला विचारून घेतलेला नंबर लावला. चौथ्या रिंगला उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वैनी, मी कल्पना."

वृंदा म्हणाली, "बोल. मी मेलंय नाय अजून."

इरा आजारी आहे हे वृंदाला भावाकडून माहीत होतं. कल्पनाने सरळ कामाचं बोलायचं ठरवलं होतं, काडीचं, धाग्यांचं, सोळात एकचं. पण तोंड उघडलं तेव्हा आधी ते जुनंच बाहेर आलं. त्या शुक्रवारी मी असं बोलले, भावाला नाकारलं, तुमच्यासमोर नाकारलं, आणि या वेळीसुद्धा फॉर्मवर नाकारलं, आठ महिने वाया घालवले. मी दादाची पाय धरून माफी मागते, त्याला फोन द्या. हे सगळं ती शुद्ध मराठीत, एका दमात बोलली.

"तेंका फोन कित्याक?" वृंदा म्हणाली. "तेंका मी कायेक सांगूक नाय. आठ वर्सा झाली. तूय आता सांगू नको, तेंका सहन होवचा नाय. माका सांगलंस, मी आयकलंय. झाला."

कल्पनाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. म्हणजे दर दिवाळीला उत्तमच्या आवाजात जो राग ती शोधत होती, तो तिथे नव्हताच. तो बिचारा दर वर्षी साध्या आनंदाने फोन करत होता आणि ती दोन मिनिटांत ठेवत होती.

"रडतंस काय?" वृंदा म्हणाली. "आधी फोन करूक तुजो हात मोडलो होतो? आता पोरीचा सांग. काय होया?"

मग कल्पनाने सांगितलं, आणि सांगता सांगता तिची भाषा आपोआप गावची झाली. वृंदा मध्ये मध्ये विचारत होती. दुखतं का? भूल देतात का? हाडातून काढलेलं परत भरून येतं का? तेजश्रीला बघायला माणसं येताहेत, उद्या कुणी म्हणायला नको की पोरीच्या हाडातलं काढून घेतलं. ती हे लपवून बोलली नाही, आणि कल्पनाला त्याचाच आधार वाटला. जे वाटतं ते बोलणाऱ्या माणसाशी ती बऱ्याच दिवसांनी बोलत होती.

तेजश्री तेव्हा घरून रोज जाऊन-येऊन सावंतवाडीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. संध्याकाळी तिचाच फोन आला. आईला मी सगळं समजावलंय, ती म्हणाली, कमरेच्या हाडातून काढतात, महिन्याभरात भरून येतं. "आणि आत्या, जो मुलगा एवढ्यावरून नाही म्हणेल तो आत्ताच कळलेला बरा. किट कुठे पाठवतेस?"

तिच्या मागून उत्तम ओरडून सांगत होता की फॉर्म असतील ते दुकानाच्या ईमेलवर पाठव, प्रिंट काढून मीच भरतो. त्याने भरलेले फॉर्म दुसऱ्याच दिवशी स्कॅन होऊन आले. नात्याच्या रकान्यात त्याने जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर अख्खी वंशावळ काढली होती, पणजोबांपासून. सफूराने ती आपल्या सहकाऱ्यांना दाखवली म्हणे. असा फॉर्म आमच्याकडे कुणी भरत नाही, असं ती कल्पनाला म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

काडीचं पाकीट गोव्याहून निघून मस्कतला यायला सहा दिवस लागले, तपासणीला आणखी नऊ. त्या पंधरा दिवसांत कल्पनाने घरातली सगळी कपाटं आवरली. चंद्रहास रोज जेवण अर्धं ठेवून उठायचा. एकदा तो म्हणाला, त्या दिवशी मीसुद्धा घड्याळाकडेच बघत बसलो. तेवढंच. कल्पनाने त्याच्या ताटातली उरलेली पोळी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. सगळं आपल्याच अंगावर घेऊन ती थकली होती, त्यातलं थोडं त्याने उचललं हे तिला पुरलं.

डिसेंबरच्या आठ तारखेला, दवाखान्यात एका अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी शेठजींच्या, दाढेची वेळ देत असताना फोन वाजला. सफूराने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. तिने नुसतं सांगितलं, दहापैकी दहा. निळाही तोच, लालही तोच.

समोरचे गृहस्थ वाट बघत उभे होते. कल्पनाने त्यांची वेळ लिहिली, कार्ड दिलं, आणि मग खुर्चीत बसून हातांनी तोंड झाकलं. दाढ विसरून ते काउंटरला वळसा घालून आले. काय झालं ते तिने मोडक्या अरबीत सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि खिशातून रुमाल काढून तिला दिला. तो रुमाल अत्तराच्या वासाचा होता, तिला शिंका आल्या आणि रडू थांबलं.

त्या शुक्रवारी आकांक्षा डबा घेऊन आली. अख्ख्या वर्षात तिने किती डबे आणले याची गणती नव्हती. कल्पनाने तिला बसवलं आणि सांगितलं की दाता मिळाला, इराच्या मामाची मुलगी.

"पुण्याची?"

"कुडाळची. मला पुण्याला भाऊ नाही. एकच भाऊ, पायाने अधू आहे, तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान. ती मागे आली होती ना, माझी नणंद, ती त्याची बायको. आमचं साटंलोटं आहे."

आकांक्षाने डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. आपण केव्हातरी काहीतरी बोललो होतो असं तिला अंधुक आठवत असावं, कारण तिचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या भाच्याच्या नोकरीसाठी तुझ्या भावाचा नंबर मागत होते, आणि तू देत नव्हतीस, तो हा?"

"हाच. झेरॉक्स काढायची असेल तर देते."

दोघी इतक्या हसल्या की आतून इरा मास्क लावून बाहेर आली. कोण येणार आहे, ती माझी कोण लागते, असं तिने विचारलं. कल्पनाने सांगितलं की बाबांकडून आतेबहीण आणि माझ्याकडून मामेबहीण.

"म्हणजे कझिन."

"दोनदा कझिन."

"इज दॅट अलाउड?" इराने विचारलं.

जानेवारीत उत्तम, वृंदा आणि तेजश्री अशी तिघं आली. विमानतळावर उत्तम हळूहळू चालत बाहेर आला, एका हातात काठी, दुसऱ्या खांद्यावर कागदांची पिशवी. कल्पना सगळ्या गर्दीतून पुढे गेली आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी तिने आपल्याकडे घेतली. तू वाळलंस गो, एवढंच तो म्हणाला. वृंदाने घरी पोचल्यावर खरकट्या भांड्यांकडे एक नजर टाकली, पदर खोचला आणि तांदूळ कुठे आहेत ते विचारलं. माफीबिफीचा विषय पुन्हा निघाला नाही. मात्र रोज एक टोमणा ठरलेला असायचा. तुमच्या मस्कतात लसूणसुद्धा सोललेली मिळते, मग वेळ जातो कुठे? कल्पना तो टोमणा औषधाच्या गोळीसारखा नेमाने घ्यायची.

तेजश्रीला दोन दिवस ठेवून घरी सोडलं. कमरेत ठणका होता, ती काठी मागून घेऊन बापासारखी चालून दाखवायची आणि उत्तमच सगळ्यांत जास्त हसायचा. इराच्या अंगात तो मगज एका साध्या पिशवीतून, रक्तासारखाच, चार तासांत गेला. बघायला त्यात काहीच नव्हतं. त्यानंतर वाट बघायची होती. नवा मगज रुजला तर पांढऱ्या पेशी वाढायला लागतील. पाचशेच्या वर तीन दिवस राहिल्या तर रुजला म्हणायचं.

दहा दिवस शून्य. तेराव्या दिवशी चाळीस. इराच्या तोंडात फोड आले, केस गेले, एकदा ताप चढला आणि उतरला. सोळाव्या दिवशी दोनशे दहा. काचेच्या अलीकडे कल्पना आणि वृंदा आळीपाळीने बसायच्या. अठराव्या दिवशी सहाशे वीस, एकोणिसाव्या दिवशी नऊशे. विसाव्या दिवशी दुपारी बाराला नर्स बाहेर आली आणि आकडा तिने कागदावर लिहूनच आणला होता. एक हजार चारशे.

वृंदाने तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं की हे पुरे की अजून होया. पुरे, कल्पना म्हणाली. वृंदा तशीच खुर्चीवर मागे टेकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.

कल्पनाने चंद्रहासला फोन लावला. गॅरेजमध्ये ग्राइंडर चालू होता. बरं, बरं, असं म्हणून त्याने फोन ठेवला. दोन मिनिटांनी त्याचा परत फोन, किती म्हणालीस? तिने सांगितलं. मग पुन्हा एकदा, इथे गॅरेजमधल्या मुनीरला सांगायचं आहे, नक्की आकडा सांग. तेवढ्यात काचेपलीकडे इरा उठून बसली आणि खुणेने विचारू लागली, भूक लागली, काय आहे? तीन आठवड्यांत तिने पहिल्यांदा खायला मागितलं होतं. कल्पना नर्सला विचारायला उठली तोच फोन वाजला, आणि या वेळी तिने तो विचारायच्या आतच सांगितलं, "एक हजार चारशे. आणि तिला भूक लागलीय."

पलीकडे ग्राइंडर बंद झाला होता. चंद्रहासला बोलता येईपर्यंत ती फोन कानाला धरून उभी राहिली.